आधी कमिट, मग पावती: नेटवर्क नसलेल्या तेंदूच्या फळीवर मोबाइलमधला डेटाबेस कसा सांभाळावा

पहिल्याच हंगामात माझ्या ॲपने एका बाईचे तेंदूपानांचे २१५ पुडे गिळले. नोंदींच्या यादीत ते दिसत होते, तिच्या कुटुंबाच्या एकूण बेरजेत मात्र नव्हते. चुकाऱ्याच्या, म्हणजे पैसे वाटायच्या, दिवशी तिनं घरच्या भिंतीवर कोळशानं मारलेल्या रेघा बोटांवर मोजून सांगितल्या आणि विचारलं, "नोंद हाये म्हणता, मंग पैशात कायले नाही जी?" पुडे मोजून लिहून घेणाऱ्या दिवाणजीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण ते फळीवर, म्हणजे पुडे मोजायच्या जागी, उभं राहून सांगायची लाज वाटली. मी आधी नोंद लिहीत होतो आणि मग वेगळ्या हुकमाने बेरीज वाढवत होतो. या दोन कामांच्या मधल्या क्षणात मे महिन्याच्या उन्हाने तापलेला फोन बंद पडला होता.

काम गडचिरोली जिल्ह्यातलं. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, १९९६चा, वनहक्क कायदा २००६चा. त्यांच्या आधारावर इथल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचं संकलन आणि विक्री स्वतः करतात. एप्रिलच्या अखेरीपासून मेपर्यंतचा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा हंगाम. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, आणि भाव शेकड्यावर. संध्याकाळी गावाबाहेरच्या फळीवर पुडे ओळीने मांडले जातात, दिवाणजी मोजतो, आकडा रजिस्टरात चढतो. तोच आकडा फोनमध्येही चढावा, एवढंच माझं ॲप करतं. फळीवर नेटवर्क नसतं. तलावाच्या पाळीवर चढलं तर कधीकधी एखादी कांडी मिळते.

मोबाइल ॲप शिकवणारे बहुतेक धडे सर्व्हरला मालक मानतात आणि फोनला त्याचा निरोप्या. इथे उलट आहे. पुडे मोजून झाले, दिवाणजीने आकडा पुकारला, समोरच्याने मान डोलावली की व्यवहार पुरा झाला. सर्व्हरला तो आज कळो, नाहीतर चार दिवसांनी. म्हणजे खरं कमिट (नोंद कायमची पक्की होणं) फोनवर होतं आणि सर्व्हरकडे जाते ती नक्कल. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. (गोंधळ नको म्हणून पैशाच्या व्यवहाराला 'व्यवहार' आणि डेटाबेसच्या व्यवहाराला, म्हणजे एकतर सगळी होणाऱ्या नाहीतर एकही न होणाऱ्या कामांच्या जुडीला, 'ट्रान्झॅक्शन' म्हणतो.)

पहिली पायरी: एकत्र काय व्हायचं ते कागदावर लिहा

कोड उघडण्याआधी एक प्रश्न: फोन कुठल्याही क्षणी बंद पडला, तर कुठल्या गोष्टी एकतर सगळ्या व्हाव्यात नाहीतर एकही होऊ नये?

माझी पहिली यादी अशी होती: नोंद, कुटुंबाची बेरीज, फळीवरचा एकूण साठा, पावती क्रमांक, सर्व्हरकडे पाठवायच्या रांगेतली ओळ. पाचही एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसवता आल्या असत्या. पण यादीकडे पाहताना लक्षात आलं की बेरीज आणि साठा या साठवायच्या गोष्टीच नाहीत, त्या नोंदींवरून काढता येतात. एका फळीवर १२० कुटुंबं आणि २० दिवस धरले तरी २,४०० ओळी. एवढ्या ओळींची बेरीज फोनमधलं डेटाबेसचं इंजिन, एसक्यूलाइट, स्वस्तातल्या फोनवरही डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. मी दोन्ही रकाने काढून टाकले. जी गोष्ट साठवलीच नाही ती चुकणार कशी?

उरल्या तीन: नोंद, पावती क्रमांक, रांग.

नोंदीत भाव गोठवून ठेवा. हंगामात मध्येच भाव बदलला तर जुन्या नोंदींची रक्कम हलता कामा नये. आणि पैसे नेहमी पूर्णांकात, पैशांमध्ये ठेवा. उदाहरणादाखल शेकडा ५५० रुपये भाव धरू. म्हणजे पुड्याला ५५० पैसे. २१५ पुड्यांचे १,१८,२५० पैसे, अर्थात १,१८२ रुपये ५० पैसे. दशांश चिन्हाच्या रकान्यात पैसे ठेवले की हजार ओळींनंतर कुठेतरी एखादा पैसा निसटतो. फळीवर एका पैशावरूनही वाद होतो, आणि व्हायलाच हवा.

दुसरी पायरी: डेटाबेस उघडताना चार गोष्टी विचारून घ्या

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत एसक्यूलाइट आधीपासून असतं. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेलं हे छोटं इंजिन एका फाइलमध्ये अख्खा डेटाबेस ठेवतं. मात्र त्याच्या काही सवयी जुन्या आहेत, त्या आपण बदलून घ्यायच्या.

पहिली गोष्ट जर्नलची, म्हणजे बदल आधी कुठे टिपायचे याची. २०१० पासून एसक्यूलाइटमध्ये 'वाल' (राइट-अहेड लॉग) पद्धत आहे. तीत बदल थेट मूळ फाइलमध्ये न लिहिता शेजारच्या वाल फाइलमध्ये लिहितात आणि सवडीने मूळ फाइलमध्ये मुरवतात. त्यामुळे दिवाणजी नोंद लिहीत असतानाच दुसऱ्या पडद्यावर यादी वाचता येते. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. अँड्रॉइडची रूम ही डेटाबेस लायब्ररी वापरत असाल तर ती हे आपोआप ठरवते, पण कमी मेमरीच्या फोनवर ती वाल न निवडता जुनी पद्धत घेते. आपल्याकडे फोन नेमके तसलेच असतात. म्हणून पद्धत स्वतः सांगा.

दुसरी गोष्ट सिंक्रोनसची, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर पोचेपर्यंत किती थांबायचं याची, आणि इथे मी अडून बसतो. वाल पद्धतीत 'नॉर्मल' ठेवलं तर वीज गेली तरी डेटाबेस मोडत नाही, पण शेवटची काही कमिट झालेली ट्रान्झॅक्शनं गायब होऊ शकतात. बातम्यांच्या ॲपला ते चालेल. फळीवर पावती छापून दिली आणि फोन पुन्हा सुरू केल्यावर नोंदच नाही, हे चालणार नाही. 'फुल' ठेवा. दर कमिटला डिस्कवर खरंच लिहिलं जाईपर्यंत थांबावं लागतं, पण दिवाणजी मिनिटाला दोन नोंदी करतो. त्याला ते जाणवतसुद्धा नाही.

तिसरी, फॉरेन कीची तपासणी, म्हणजे एका तक्त्यातली ओळ दुसऱ्यातल्या खऱ्या ओळीकडेच बोट दाखवते ना हे पाहणं. ती मुळात बंद असते, चालू करा. चौथी, बिझी टाइमआउट: डेटाबेस अडकलेला असेल तर लगेच हात वर न करता पाच सेकंद थांब, असं सांगा. वालची निवड फाइलमध्ये कायम राहते. बाकीच्या तिन्ही गोष्टी दर नव्या जोडणीला पुन्हा सांगाव्या लागतात. हे विसरून मी दोन रात्री घालवल्या आहेत.

तिसरी पायरी: ट्रान्झॅक्शन आखूड ठेवा

नोंदीचं ट्रान्झॅक्शन एवढंच असावं:

बिगिन इमिजिएट
या फोनचा शेवटचा पावती क्रमांक वाचा, एक वाढवा
'नोंदी' तक्त्यात ओळ घाला
'रांग' तक्त्यात त्याच आयडीची ओळ घाला
कमिट

नुसतं 'बिगिन' म्हटलं तर एसक्यूलाइट कुलूप लगेच घेत नाही. पहिल्या वाचनापर्यंत थांबतं आणि लिहायची वेळ आली की लिहिण्याचं कुलूप मागतं. तोवर दुसऱ्या जोडणीने काही लिहिलं असेल तर आपण वाचलेला पावती क्रमांक शिळा झालेला असतो आणि 'बिझी' अशी चूक येते. अशा वेळी टाइमआउट कितीही मोठा ठेवा, उपयोग नाही. ट्रान्झॅक्शन मुळापासून पुन्हा करावं लागतं. 'इमिजिएट' म्हटलं की कुलूप सुरुवातीलाच मिळतं किंवा सुरुवातीलाच नकार मिळतो. अँड्रॉइडच्या स्वतःच्या फंक्शनांनी काम करत असाल तर 'बिगिन ट्रान्झॅक्शन' हे काम करून देतं. तिथे वेगळीच गोष्ट लक्षात ठेवायची: 'सेट ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल' म्हटल्याशिवाय 'एंड ट्रान्झॅक्शन' झालं, तर सगळं रोलबॅक होतं, म्हणजे केलेलं पुसून मागे जातं, तेही गुपचूप. रूममध्ये 'विथ ट्रान्झॅक्शन'च्या कंसात सगळं घातलं की हा ताप वाचतो.

कंसात काय नसावं, ही यादी जास्त महत्त्वाची. नेटवर्कचं काम नको. फोटो लहान करायचं काम नको. "नक्की ना?" असं विचारणारी खिडकी तर नकोच. मी आणखी एक चूक केली होती: पावतीची छपाई ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवली होती. विचार भला होता, पावती छापली गेली तरच नोंद पक्की. प्रत्यक्षात ब्लूटूथचा छोटा प्रिंटर धुळीने अडला की पंधरा-वीस सेकंद उत्तर देत नसे. तोवर डेटाबेसला कुलूप, पडदा थिजलेला, मागे चाळीस माणसं. त्याहून वाईट म्हणजे कधी कागद बाहेर यायचा पण 'छापलं' हा निरोप यायचा नाही. मग ट्रान्झॅक्शन रोलबॅक व्हायचं: पावती माणसाच्या हातात, नोंद कुठेच नाही.

तेव्हापासून आधी कमिट, मग पावती. छपाई फसली तर नोंद उघडून पुन्हा छापायची आणि त्या कागदावर 'दुसरी प्रत' असं यायला हवं. कागदाला रोलबॅक नसतो.

चौथी पायरी: आयडी फोनवरच, तोही फॉर्म उघडताना

सर्व्हरने दिलेला चढता क्रमांक इथे मिळणार नाही, आणि फोनने स्वतः एक-दोन-तीन सुरू केलं तर एकाच फळीवरचे दोन फोन एकमेकांच्या अंगावर येतील. म्हणून नोंदीचा खरा आयडी यूयूआयडी, म्हणजे फोनने स्वतः बनवलेला, दुबार न येणारा लांबलचक आयडी. माणसांसाठी वेगळा पावती क्रमांक, फोनच्या अक्षरासह: ब-०१४७ म्हणजे 'ब' फोनची एकशे सत्तेचाळिसावी पावती.

बारकावा असा की यूयूआयडी 'जतन करा' बटण दाबल्यावर बनवू नका, फॉर्म उघडताना बनवा. घामेजल्या बोटाने बटण दोनदा दाबलं जातं, फोन हळू असेल तर तीनदा. आयडी बटणावर बनत असेल तर तीन वेगळ्या नोंदी होतील. फॉर्मवर बनला असेल तर दुसऱ्या वेळी प्रायमरी कीची, म्हणजे दुबार आयडीची, चूक येईल. ती चूक पकडायची, त्या आयडीची आधीची ओळ तीच आहे का ते पाहायचं आणि 'झाली नोंद' असं दाखवायचं.

इथे 'इन्सर्ट ऑर इग्नोर' वापरायचा मोह होतो. फोनवर तो टाळा. तो दुबार आयडीच गिळतो असं नाही. रिकामा राहिलेला सक्तीचा रकाना आणि तपासणीत नापास झालेला आकडाही तितक्याच शांतपणे गिळतो. 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' जास्त शहाणं आहे, पण ते एसक्यूलाइटमध्ये २०१८ साली, ३.२४ आवृत्तीत आलं. अँड्रॉइड १० पर्यंतच्या फोनमध्ये मुळात ३.२२ किंवा त्याहून जुनी आवृत्ती असते. तुमच्या नव्या फोनवर चाललेला कोड दिवाणजीच्या जुन्या फोनवर पहिल्याच नोंदीला कोसळतो.

पाचवी पायरी: खोडरबर काढून घ्या

दिवाणजीने २१५ ऐवजी ११५ टाकले. समोरची आजी लगेच म्हणते, "माहे दोनशे पंधरा होते." दुरुस्ती करायची, पण जुनी ओळ बदलून नाही. गावातला कुठलाही जुना हिशोबनीस सांगेल, बहीत खाडाखोड करायची नसते, उलट नोंद घालायची असते. तेच इथे करा. वजा ११५ची एक ओळ, तीत कुठल्या नोंदीची दुरुस्ती आहे तो आयडी. मग २१५ची नवी ओळ. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, नाहीतर मधल्या क्षणी आजीचे पुडे शून्य.

याने ऑफलाइनचं सगळ्यात मोठं दुखणंच बरं होतं. ओळी कधी बदलतच नाहीत, नुसत्या वाढतात, म्हणून दोन फोनच्या नोंदी सर्व्हरवर एकत्र करताना भांडण होत नाही. शिल्लक पाठवली असती तर 'अ' फोन म्हणतो ८४०, 'ब' म्हणतो ९१०, खरं कोणाचं? नोंदी पाठवल्या की बेरीज सर्व्हर स्वतः करतो.

नियम नुसता कोडमध्ये ठेवू नका, डेटाबेसलाच सांगा. 'नोंदी' तक्त्यावर बदलण्याआधीचा आणि पुसण्याआधीचा असे दोन ट्रिगर (डेटाबेस आपोआप चालवतो ते नियम) लावा आणि दोन्हींत 'रेझ अबॉर्ट' करा, म्हणजे ते काम चूक दाखवून तिथेच थांबेल. सहा महिन्यांनी घाईत लिहिलेला तुमचाच कोड त्या भिंतीवर आपटेल, तेव्हा बरं वाटेल. 'सर्व्हरला पोचलं' ही खूण नोंदीच्या ओळीत न ठेवता रांगेच्या तक्त्यात ठेवली, तीही याचसाठी.

सहावी पायरी: रांग सर्व्हरकडे पोचवणं

रांगेतल्या जुन्या पन्नास ओळी वाचा. वाचन तिथेच संपवा. मग पाठवा. उत्तर आलं की नव्या, छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये त्या ओळींवर 'पोचलं' असं लिहा. नेटवर्कच्या आधी एक ट्रान्झॅक्शन, नंतर दुसरं. मध्ये एकही उघडं नाही.

आता तलावाची पाळ डोळ्यांसमोर आणा. एक कांडी आली, पन्नास नोंदी सर्व्हरला पोचल्या, सर्व्हरने लिहून घेतल्या, 'मिळाल्या' म्हणाला, आणि ते उत्तर परत येईपर्यंत कांडी गेली. फोनच्या लेखी पाठवणी फसली, म्हणून तो त्याच पन्नास पुन्हा पाठवणार. हे अपवादाने घडत नाही, आमच्याकडे रोज घडतं. सर्व्हरवर यूयूआयडीला युनिक, म्हणजे 'दुबार नको' असं, बंधन नसेल तर पन्नास कुटुंबांचे पुडे दुप्पट होतात, आणि गंमत म्हणजे याची तक्रार कोणी करत नाही. ही चूक नंतर, बोदभराईच्या वेळी (पुडे गोण्यांत भरताना) गोण्या कमी भरल्या की कळते. सर्व्हरने दुबार आयडी निमूट सोडून द्यावा, पण उत्तर मात्र पहिल्यासारखंच द्यावं: "मिळाली." इथे चूक कळवली तर पोचलेली नोंदही पोचली नाही असंच फोन समजत राहील.

क्रम पाळा. फळीवरच नव्या कुटुंबाची नोंदणी झाली असेल तर आधी कुटुंब जायला हवं, मग त्याचे पुडे. रांगेच्या तक्त्यात चढता क्रमांक ठेवला की हे सुटतं. एखादी ओळ सर्व्हरने खरोखरच नाकारली, समजा कुटुंबाचा क्रमांकच चुकीचा, तर तिच्यापायी मागची रांग अडवू नका. ती कारणासकट 'अडलेल्या' खणात टाका आणि दिवाणजीला लाल आकड्यात दाखवा. सर्व्हरवरही पन्नासच्या पन्नास एका ट्रान्झॅक्शनमध्ये घेऊ नका, नाहीतर एका नासक्या नोंदीमुळे एकोणपन्नास परत येतील. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ट्रान्झॅक्शन किंवा सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनच्या आतला, तेवढाच मागे घेता येणारा टप्पा) द्या.

पार्श्वभूमीत पाठवण्यासाठी अँड्रॉइडवर वर्क मॅनेजर आहे. 'नेटवर्क असेल तेव्हाच' ही अट घाला आणि कामाला एकच नाव द्या, म्हणजे दोन पाठवण्या एकदम सुटणार नाहीत. ठरावीक वेळाने चालणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन तेही मारून टाकतात. म्हणून एक मोठं 'आता पाठवा' बटण हवंच, आणि त्यावर किती नोंदी बाकी आहेत तो आकडा. आमचा दिवाणजी तो आकडा पाहूनच पाळीवर चढतो.

सातवी पायरी: जे खरंच बदलतं त्याचं काय?

पुडे बदलत नाहीत, पण बँकेचा खाते क्रमांक बदलतो. दोन फोनवर एकाच कुटुंबाचं खातं वेगवेगळं दुरुस्त झालं तर 'ज्याची वेळ नंतरची तो जिंकला' हा सोपा मार्ग घेऊ नका. फोनचं घड्याळ भरवशाचं नसतं. कोणीतरी तारीख हाताने बदललेली असतेच. प्रत्येक कुटुंबाला आवृत्ती क्रमांक द्या. फोनने 'मी तिसरी आवृत्ती पाहून हा बदल केला' असं सांगावं. सर्व्हरवर चौथी आलेली असेल तर त्याने नकार द्यावा आणि दोन्ही खाते क्रमांक माणसापुढे ठेवावेत. हंगामात अशी चार-दोन प्रकरणं येतात, त्यासाठी कुठलं हुशार गणित लिहायची गरज नाही. ग्रामसभेतला एक माणूस पासबुक मागवतो आणि मिटवतो.

आठवी पायरी: नक्कल काढताना

डेटाबेसची फाइल दिसली म्हणून तेवढीच कॉपी केली, असं करू नका. आजच्या नोंदी कदाचित अजून वाल फाइलमध्येच असतील आणि तुमच्या हाती कालचा हिशोब येईल. आधी पूर्ण चेकपॉइंट करा (वालमधलं सगळं मूळ फाइलमध्ये मुरवा), सगळ्या जोडण्या बंद करा, मग फाइल उचला. आणि ॲप काढून टाकलं किंवा 'डेटा साफ करा' दाबलं की फोनमधली फाइल जाते, हे दिवाणजीला तोंडी सांगा. मी तर कागदी रजिस्टर बंद करू देत नाही. ॲप त्याच्या जोडीला आहे.

नववी पायरी: मुद्दाम मोडून पाहा

घरी, पंख्याखाली बसून. नोंदी ओळीने घालत राहा आणि मध्येच बॅटरी काढा किंवा फोन सक्तीने बंद करा, वीस वेळा. दर वेळी उघडून पाहा: नोंदी आणि रांग यांची संख्या जुळते का, पावती क्रमांकात खड्डा पडला का. मग सर्व्हर असा बदला की तो नोंद लिहून घेईल पण उत्तर देणार नाही. तीन वेळा पाठवा आणि सर्व्हरवर एकच ओळ आहे ना ते बघा. फोनची तारीख दोन दिवस मागे न्या. साठवणीची जागा गच्च भरा आणि नोंद करा. डिस्क भरल्याची चूक आली तर पडद्यावर 'झाली' असं येता कामा नये.

एवढं करूनही मी रोज रात्री एक ताळा ठेवतो. फळी उठली की ॲप एक ओळ बनवतं: फळीचा क्रमांक, तारीख, नोंदी किती, पुडे किती, शेवटची पावती कुठली. प्ले स्टोअर ॲपला स्वतःहून एसएमएस पाठवायची परवानगी सहज देत नाही, म्हणून ॲप नुसतं मजकूर भरून एसएमएसची खिडकी उघडतं आणि दिवाणजी 'पाठवा' दाबतो. जिथे इंटरनेट पोचत नाही तिथेही कधीकधी एसएमएस निघतो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, तेवढी पुरतात. सर्व्हरवरच्या बेरजेशी ती ओळ जुळली तर काही करायचं नाही. नाही जुळली तर दुसऱ्या दिवशी फळी लागायच्या आत, पुडे गोण्यांत जायच्या आधी, मी दिवाणजीला फोन लावतो आणि आम्ही दोघं रजिस्टर उघडून पावती क्रमांक वाचत जातो. ब-०१४१, ब-०१४२...